टायरची नक्षी नंतर पाहा. आधी माप, कापड आणि हवा

खडी-मुरुमाच्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांसाठी, विकणाऱ्यांसाठी व दुरुस्त करणाऱ्यांसाठी

१९८० च्या सुमारास आमचे अब्बा मालेगावहून आसपासच्या गावांच्या आठवडे बाजारांना कापड घेऊन सायकलवर जात. काळी, २८ इंची, लोखंडी सायकल आणि मागे कॅरिअरवर लुंग्या-साड्यांचे गठ्ठे. पहाटे निघताना ते मागच्या चाकात टणक हवा भरत. संध्याकाळी माल विकून परत निघताना मात्र वालची चकती किंचित सैल करून थोडी हवा सोडून देत. मी एकदा विचारले, "अब्बा, पैसे देऊन भरलेली हवा सोडता कशाला?" ते म्हणाले, "ओझे उतरले. आता टणक हवेवर मुरुमात सायकल उड्या मारते आणि कंबर माझी मोडते."

ही गोष्ट मी चाळीस वर्षे विसरलो होतो. ती आठवली ती मनगट सुजल्यावर.

झाले असे. पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी साखरेच्या आजारासाठी रोज व्यायाम सांगितला. भाच्याने आग्रह करून 'ग्रॅव्हल बाइक' घ्यायला लावली. ज्या दुकानातून सायकल घेतली, तेथील माणसाने ३२ मिलिमीटरचे टायर बसवून दोन्ही चाकांत ८० पौंड हवा भरून दिली व सांगितले की, हवा जितकी टणक तितकी सायकल पळते. तिसऱ्याच आठवड्यात गाळण्याच्या बाजूला जाताना एका वळणावर डांबरावर सांडलेल्या बारीक खडीवरून पुढचे चाक घसरले. हाड वाचले, पण तीन आठवडे मला कापडाचा तागा उचलता आला नाही. सीझनच्या दिवसांत तीन आठवडे म्हणजे काय, हे आपल्या धंद्यातील माणसाला सांगायला नको.

त्यानंतर मी टायरच्या मागे लागलो. आपण सूत पारखतो, रीड-पीक मोजतो, मग ज्या दोन वस्तूंवर आपला जीव रस्त्याला टेकतो त्या न पारखता का घ्यायच्या? जे कळले ते येथे मांडतो. सायकलचे दुकान चालवणारे, पंक्चर काढणारे आणि स्वतः सायकल चालवणारे या तिघांनाही त्याचा उपयोग व्हावा.

ही सायकल आहे तरी काय?

ग्रॅव्हल म्हणजे खडी. अमेरिकेच्या मध्य भागात शेतांमधून जाणारे खडीचे रस्ते फार. कॅन्सस राज्यातील एम्पोरिया या गावी २००६ साली ३४ जणांनी अशा रस्त्यांवर २०० मैलांची शर्यत केली. आज 'अनबाउंड' या नावाने ती जगभर ओळखली जाते. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. शर्यतीच्या सायकलसारखे वाकडे हँडल, पण चौकटीत व चिमट्यात रुंद टायरला जागा, अशी ही सायकल असते. डांबरावर ती बऱ्यापैकी पळते आणि डांबर संपले तरी थांबत नाही.

आपल्याकडे असे रस्ते हौसेसाठी शोधावे लागत नाहीत. गावाबाहेर पडले की दोन किलोमीटर डांबर, मग उखडलेले डांबर, पुढे पाटाकाठचा मुरूम, मग पाणंद आणि शेवटी काळी माती. एकाच सकाळी हे पाचही प्रकार चाकाखाली येतात. म्हणून टायर निवडताना 'सर्वांत चांगला कोणता' हा प्रश्न चुकीचा आहे. आपल्या फेरीत कोणता रस्ता किती आहे, हा खरा प्रश्न.

आधी माप : येथेच पैसे बुडतात

टायरच्या अंगावर दोन प्रकारचे आकडे असतात. '७०० × ४०' किंवा '२८ × १-१/२' हे चालू भाषेतले माप. दुसरे '४०-६२२' असे लिहिलेले असते. विश्वास या दुसऱ्या मापावर ठेवावा. यात पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा टायरची कड रिमवर जेथे बसते तेथील व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

घोटाळा असा होतो. आपली जुनी २८ इंची सायकल '२८ × १-१/२' टायर घेते, त्याचा व्यास ६३५. ग्रॅव्हल बाइकच्या ७०० सी टायरवरही काही कंपन्या '२८' छापतात, पण त्याचा व्यास ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. २६ इंचीत तर गंमतच आहे. '२६ × १-३/८' म्हणजे ५९०, '२६ × १-१/२' म्हणजे ५८४ आणि '२६ × १.९५' म्हणजे ५५९. तिन्ही २६ इंचीच, पण तिन्ही वेगळे. आणि आज ज्याला ६५० बी किंवा साडेसत्तावीस इंची म्हणतात, तेही ५८४ च! दुकानदार बांधवांनी मालाची ऑर्डर इंचात न देता या आकड्यांत द्यावी. परत येणारा माल निम्म्याने कमी झाला तरी पुष्कळ.

आता रुंदी. अब्बांच्या सायकलीचा टायर '२८ × १-१/२' म्हणजे ४० मिलिमीटर रुंद होता. आजची ग्रॅव्हल बाइकही बहुधा ४० मिलिमीटरच्या आसपासच्या टायरवर चालते. कच्च्या रस्त्यावर ओझे वाहणाऱ्यांना जे माप ठाऊक होते, तेच फिरून नवे म्हणून आले आहे.

ढोबळ हिशेब असा धरावा :

• बहुतेक डांबर, थोडा मुरूम : ३५ ते ३८ मिलिमीटर.
• निम्मे डांबर, निम्मा मुरूम व खडी : ४० ते ४५.
• मोठी सुटी खडी, दगड, वाळू : ४५ ते ५०, चौकटीत जागा असेल तर.

शंका असेल तर रुंद घ्यावा. अमेरिकेतील 'बायसिकल क्वार्टर्ली' या नियतकालिकाचे संपादक जान हाइने यांनी खऱ्या रस्त्यांवर चाचण्या घेऊन दाखवले की, मऊ अंगाचा रुंद टायर अरुंदापेक्षा हळू पळतो ही समजूत खोटी आहे. खडबडीत रस्त्यावर टणक चाक दर खड्याला वर उडते. ती उडी मारायला लागणारी ताकद आपल्याच पायांची असते. ती पुढे जाण्याऐवजी अंगाला हादरे देण्यात खर्च होते. हा तोटा वहीत दिसत नाही, पण संध्याकाळी कंबरेत दिसतो.

मात्र रुंद टायर घेण्यापूर्वी चिमट्यात व चौकटीत मोजून पाहावे. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ५-६ मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजे, नाहीतर अडकलेला खडा रंगासकट चौकट खरवडतो. रिम रुंद असेल तर तोच टायर छापील मापापेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त फुगतो, हेही लक्षात असावे.

टायर म्हणजे रबर नव्हे, कापड

हे कळले तेव्हा मला खरा आनंद झाला. टायरचा सांगाडा कापडाचा असतो. रबर हा त्यावरचा लेप. डनलप यांनी १८८८ साली हवेचा टायर केला तेव्हापासून हे असेच आहे. सुरुवातीचे टायर साध्या विणीच्या कॅनव्हासचे असत, म्हणजे ताणा आणि बाणा दोन्ही. चाक फिरताना टायर सतत दबतो आणि उठतो. त्यामुळे सूत सुतावर घासून ओलांडणीच्या जागी तुटे. मग कारागिरांनी युक्ती केली. बाणा काढून टाकला. नुसते समांतर सूत रबरात बसवायचे आणि असे दोन थर एकमेकांवर तिरके, साधारण ४५ अंशांत टाकायचे. शिंपी ज्याला उरेब म्हणतात, तेच हे. उरेब कापड जसे अंगाबरोबर वळते, तसा हा टायर रस्त्याबरोबर वळतो.

सूत बहुधा नायलॉनचे असते. काही महाग टायरांत कापसाचे. एका इंचात किती दोरे, याला टीपीआय म्हणतात. आपल्या भाषेत रीडच समजा. ६० टीपीआय म्हणजे जाड सूत, दणकट अंग. १२० टीपीआय म्हणजे बारीक सूत. अंग मऊ, वजन हलके, चाल गुळगुळीत, पण बाजूने फाटायला सोपे.

येथे एक व्यापारी चलाखी ओळखून ठेवावी. काही टायरांवर '३/१८०' असे लिहिलेले असते. घाईत माणूस १८० वाचतो. खरे म्हणजे ६०-६० चे तीन थर आहेत व बेरीज करून छापले आहे. तीन पदर जोडून कोणी ६० च्या रीडचे कापड १८० म्हणून विकायला आणले, तर आपण ते घेऊ का? टायरमध्येही एका थराचाच आकडा पाहावा.

आपल्या भागासाठी काय घ्यावे? दख्खनचा दगड काळा, कठीण. क्रशरमधून निघालेल्या नव्या खडीच्या कडा सुरीसारख्या असतात. कॅन्ससच्या त्या शर्यतीतही चकमकीचा दगड टायरची कूस कापतो, म्हणून तेथील स्पर्धक कुशीला संरक्षण असलेला टायर पसंत करतात. आपणही १२० टीपीआयचा, पण नक्षीखाली व कुशीत दाट विणीची संरक्षक पट्टी असलेला टायर घ्यावा. रोज ओझे वाहायचे असेल तर सरळ ६० टीपीआयचा दणकट. अगदी मऊ, कापसाचा टायर ज्याला फक्त चांगल्या रस्त्यावर जायचे आहे त्याने घ्यावा.

नक्षी : जमीन पाहून

गिऱ्हाईक दुकानात येते ते सर्वांत आधी नक्षीवर बोट ठेवते. खोल गोट्यांचा टायर पाहिला की त्याला वाटते, हा पकड धरील. डांबरावर उलटे होते. तेथे जितके जास्त रबर टेकेल तितकी पकड. गोटे नुसते गुणगुणतात, वाकतात आणि झिजतात. ओल्या डांबरावर सायकलच्या टायरला पाणी कापायला नक्षी लागत नाही. मोटारीसारखे पाण्यावर तरंगण्याइतका आपला वेग व टायरचा आकार नसतो.

घट्ट मुरूम व डांबर असेल तर मध्ये जवळजवळ सपाट आणि कडेला बारीक गोटे, असा टायर उत्तम. सुट्या खडीसाठी मध्ये लहान, जवळजवळ बसवलेले गोटे व खांद्याला मोठे गोटे. चिखलासाठी विरळ व उंच गोटे, म्हणजे माती झटकली जाते. पण आपली पावसातली काळी माती हा वेगळाच प्रकार आहे. ती टायरला, मग चिमट्याला, मग चिमट्यातून टायरला अशी चिकटत जाते आणि शंभर पावलांत चाक फिरायचे थांबते. तिच्यासाठी जगात टायर नाही. उतरावे आणि सायकल खांद्यावर घ्यावी.

दोन टायर वेगळे घेता येतात. पुढे पकडीचा, मागे थोडा सपाट. मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले तर माणूस पडतो. म्हणून मागचा झिजला की पुढचा मागे घालावा व नवा टायर नेहमी पुढे घालावा. बरेच लोक उलटे करतात.

ट्यूब की ट्यूबलेस?

आपल्याकडे पंक्चरचे खरे कारण दगड नव्हे, काटा. बांधावरची बाभूळ आणि पावसाळ्यानंतर रस्त्याकडेला पसरणारा सराटा. ट्यूबलेस टायरमध्ये पातळ रबरी द्रव ओततात. काटा निघाला की द्रव छिद्रात जाऊन घट्ट होतो आणि चाक फिरता फिरता पंक्चर बंद. ४० मिलिमीटरच्या टायरला साधारण ६० मिलिलीटर द्रव पुरतो. मात्र उन्हाळ्यात तो लवकर वाळतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये दर दीड-दोन महिन्यांनी पाहावे.

याचा दुसरा फायदा मोठा आहे. ट्यूब असलेल्या चाकात हवा कमी केली आणि दगडावर आदळले तर ट्यूब रिम व दगडाच्या मध्ये चिमटते आणि साप डसल्यासारखी दोन छिद्रे पडतात. ट्यूबलेसमध्ये हे भय नाही, म्हणून हवा कमी ठेवता येते. ज्याची फेरी बहुतेक डांबरी आहे त्याने मात्र ट्यूबच ठेवावी. खर्च कमी आणि कोणत्याही गावात दुरुस्ती.

हवा : जिला पैसे पडत नाहीत

आता मूळ मुद्दा. माणूस हजारो रुपयांचे टायर घेतो आणि फुकटच्या हवेने त्यांची किंमत शून्य करतो. माणसाचे वजन सुमारे ७५ किलो, ट्यूबलेस टायर आणि डांबर-मुरूम असा मिश्र रस्ता धरून सुरुवातीचे आकडे असे :

• ३५ मिलिमीटर : पुढे ३८, मागे ४० पौंड.
• ४० मिलिमीटर : पुढे ३१, मागे ३३.
• ४५ मिलिमीटर : पुढे २७, मागे २९.

ट्यूब असेल तर चार-पाच पौंड जास्त. वजन १० किलोंनी जास्त असेल तर सुमारे तीन पौंड जास्त, कमी असेल तर तेवढेच कमी. मागे सामान बांधले तर मागच्या चाकात आणखी. हे आकडे शेवटचे नव्हेत. रोजच्याच रस्त्यावर दर फेरीला दोन-दोन पौंड कमी करत जावे. रिम दगडाला लागल्याचा आवाज आला, किंवा वळणावर टायर खालून डळमळला, की तीन पौंड वाढवावेत. तो आपला आकडा. तो वहीत लिहून ठेवावा. अंगठ्याने दाबून अंदाज घेणे सोडावे. लहान मीटर घ्यावा. कापडाचे वजन आपण हाताने सांगतो, तरी बिल काट्यावरच्या वजनाचेच करतो ना?

एक धोका मात्र गंभीर आहे. काही नव्या रिमना आतून कडेची अडी (हुक) नसते. अशा रिमवर ट्यूबलेससाठीच बनवलेला व त्या रिमला चालणारा टायर हवा आणि हवा कोणत्याही परिस्थितीत ५ बार, म्हणजे ७२.५ पौंडांच्या वर जाता कामा नये. टायरवर किंवा रिमवर याहून कमी आकडा छापला असेल तर तो पाळावा. हायवेवरील एका दुकानात पोराने ट्रकच्या कॉम्प्रेसरची नळी लावली आणि टायर बंदुकीसारखा आवाज करून रिमवरून उडाला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याचे तोंड चार बोटांनी वाचले.

चालवताना

टायर चांगला असला तरी हात घट्ट असतील तर उपयोग नाही. सुट्या खडीवर हँडल सैल धरावे, कोपरे वाकवावेत, वजन थोडे मागे ठेवावे. सायकल खाली थोडी हलेल, तिला हलू द्यावे. गाड्यांच्या चाकांनी दाबलेली पट्टी धरावी, मधला व कडेचा सुटा ढीग टाळावा. ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत लावून घ्यावा. वळणात पुढचा ब्रेक दाबू नये आणि सायकल फार कलती करू नये. वाळू आली तर आधीच हलका गिअर घेऊन पाय चालू ठेवावेत व हँडल झटक्याने वळवू नये. आणि मी पडलो तशी जागा, म्हणजे डांबरावर सांडलेली खडी, ही पूर्ण कच्च्या रस्त्यापेक्षा घातक असते. कारण कच्च्या रस्त्यावर आपण सावध असतो.

कारागीर बांधवांसाठी

या सायकली आता तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या आहेत. त्या पंक्चरच्या दुकानासमोर थांबतात आणि 'याचे काम आमच्याकडे होत नाही' हे ऐकून पुढे जातात. हे काम अवघड नाही. मोटारसायकलच्या ट्यूबलेसला जशी दोरी ठोकतो, तशीच बारीक दोरी सायकललाही चालते. टायरची कूस फाटली तर आतून गेटर लावण्याची आपली जुनी कला येथेही कामी येते. नवीन लागते ते थोडेच : बारीक वालसाठी पितळी नोझल, वालचा गाभा काढायची चावी, रिमची पट्टी, रबरी द्रव, साबणाचे पाणी आणि एक खात्रीचा मीटर. टायरची कड बसवायला कॉम्प्रेसर तर दुकानात आहेच. फक्त मीटरवर डोळा हवा.

माझ्या सायकलवर आता ४२ मिलिमीटरचे टायर आहेत. पुढे ३०, मागे ३२ पौंड. गेल्या दोन हंगामांत मी त्याच वळणावरून शेकडो वेळा गेलो. भाचा विचारतो, "मामू, एवढा हिशेब कुठे शिकलात?" मी त्याला अब्बांची वालची चकती सांगतो. ओझे पाहावे, रस्ता पाहावा, मग हवा भरावी. ज्यांनी आज सकाळी अंगठ्याने दाबून सायकल बाहेर काढली असेल, त्यांनी उद्या निदान मीटर लावून पाहावा.